निशाच्या चार पायऱ्या

रविवारी भय्याजी दुर्गहून येणार असं कळलं, तेव्हाच साधनाबाई समजून चुकल्या की हे प्रकरण आता नवरा-बायकोतलं राहिलेलं नाही. थोरल्या दिराला रिसालीच्या या घरात तीनच कामांसाठी बोलावलं जाई. लग्न ठरवायला, जागा घ्यायला, नाहीतर श्यामरावांना कोणीतरी चार शब्द सुनवायचे असले तर. लग्नाचं सध्या घरात कोणी नव्हतं आणि जागा घेऊन बावीस वर्षं झाली होती.

साधनाबाई पुढच्या खोलीतल्या दिवाणावर, उजवा पाय उशीवर टाकून बसल्या होत्या. प्लास्टर निघायला अजून नऊ दिवस होते. डिसेंबरात सिविक सेंटरला रंगीत कागद आणायला म्हणून गेल्या आणि ऑटोतून उतरताना घोटा मोडून घेऊन आल्या. त्याच दिवशी सगळ्यांनी गृहीत धरलं की आता पाळणाघराला कुलूप. नऊ पोरं होती. बहुतेकांच्या आया शिफ्ट ड्युटीवाल्या, कोणी स्टील प्लांटात, कोणी हॉस्पिटलात. त्यांना दुसरी सोय बघायला सांगावं लागणार होतं. तेवढ्यात श्यामराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "मी पाहतो ना."

घरात हसू पिकलं होतं. अकरा वर्षं बायकोच्या कामाला 'पोरं खेळवणं' म्हणणारा हा माणूस. छत्तीस वर्षं रेल मिलमध्ये काढलेला, त्यातली शेवटची चौदा फोरमन म्हणून, आणि रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी चहा कपात किती बोटं कमी आहे ते सांगणारा. स्वतःच्या दोन पोरांची चड्डी त्यांनी जन्मात कधी बदलली नव्हती.

पण पहिल्याच सकाळी ते साडेसातला आंघोळ करून, स्वेटर घालून, जाड पुठ्ठ्याचं एक रजिस्टर घेऊन दिवाणापाशी येऊन उभे राहिले. "चार्ज दे," म्हणाले.

"कसला चार्ज?"

"शिफ्ट बदलते तेव्हा देतात तसा. किती पोरं, कोण आजारी, कोणाले काय चालत नाही, सगळं सांग. मी लिहून घेतो. मग सही कर."

साधनाबाईंनी हसू दाबून सही केली. मग त्यांनी आपल्या कामाचा एकच नियम नवऱ्याला शिकवला. पोर काही करून पाहत असेल, डब्याचं झाकण लावत असेल, चप्पल घालत असेल, पाणी ओतत असेल, तर आपण जवळ उभं राहायचं, डोळे पोरावर आणि हात मागे. पडायला लागलं तर धरायचं. त्याच्या आधी नाही. "चुकलं तर?" श्यामरावांनी विचारलं होतं. "चुकू द्या. चुकण्यासाठीच येतात ती इथं," साधनाबाई म्हणाल्या होत्या. हेही त्यांनी रजिस्टरात लिहून घेतलं.

पाच आठवडे बरे गेले. कामाला येणारी अंजनाबाई स्वयंपाकघर बघायची, पोरांना भरवायची, झोपवायची आणि दर दुपारी साधनाबाईंना येऊन बातमी द्यायची की बाबूजी आज वाळूत बसले, बाबूजी आज दुकानदार झाले, बाबूजींना आज गुड्डूनं इंजेक्शन दिलं. रजिस्टर मात्र श्यामराव कोणाला उघडू देत नसत. चार्ज दिला म्हणजे दिला, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी चार वाजता त्या दिवसाच्या पानाचा फोटो काढून ते आयाबापांच्या ग्रुपवर टाकत. आयाबाप अंगठा दाखवत. वाचत किती होते कोण जाणे.

शुक्रवारचं पान मात्र सगळ्यांनी वाचलं.

'निअर मिस. सकाळी १०.४०. निशा, वय तीन वर्षं दोन महिने, गच्चीच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर रडताना आढळली. इजा नाही. काय होऊ शकलं असतं: डोक्याला मार. त्याहून वाईटही. कारण: कपडे वाळत घालून आल्यावर जिन्याच्या फाटकाची कडी मी लावली नाही. लक्ष नसल्याचा वेळ: अंदाजे दोन मिनिटं. त्या वेळी मी गुड्डूची चड्डी बदलत होतो. दुरुस्ती: कडी दीड फूट वर बसवली.'

प्लांटात अशा नोंदीला फार मान असतो. अपघात झाला नाही, पण होता होता राहिला, ते आपणहून लिहून देणाऱ्या माणसाची पाठ थोपटतात. श्यामरावांनी नोकरीत असे चारेकशे कागद भरले असतील. पाठ थोपटली जाईल असं काही त्यांना या वेळी वाटलं नव्हतं, पण घर पेटेल असंही वाटलं नव्हतं. संध्याकाळी पाचपर्यंत निखिल नावाच्या एका बापानं येऊन आपल्या पोराचं दप्तर नेलं. शनिवारी आणखी दोघींनी फोन करून कळवलं की आता नको. आणि निशा ही तर घरचीच, मुलाची, धनंजयची पोर, सख्खी नात.

साधनाबाईंना राग आला होता तो वेगळाच. हा माणूस त्यांच्यापासून दहा हातांवर बसून ते पान लिहीत होता, आणि त्यांना ते कळलं सुनेच्या रडवेल्या फोनवरून.

जेवणं उरकली. सून मृणालनं गोळाभात केला होता, आणि भय्याजींनी दोनदा मागून घेतला होता, त्यामुळे चार शब्द सुनवायला ते जरा जड झाले होते. निशाला अंजनाबाईनं मागच्या अंगणात उन्हाला नेलं. मृणाल दाराच्या चौकटीला टेकून, ओले हात पदराला पुसत उभी राहिली. बसली मात्र नाही.

"बाबा, मले एक गोष्ट सांगा," धनंजयनं सुरुवात केली. "ग्रुपवर कावून टाकलं?"

"रोजच टाकतो."

"रोज तुम्ही पोहे खाल्ले, झोप झाली असं टाकता. हे मले फोन करून सांगता आलं असतं ना."

"केला होता. तू उचलला नाही. मीटिंगमधे होता म्हणे."

"मग थांबायचं ना संध्याकाळपर्यंत."

"संध्याकाळी चारलाच टाकलं," श्यामराव म्हणाले. "तू सहाले फोन पाहिला, त्याले मी काय करू? आणि तू स्वतः प्लांटात निअर मिस भरत नाही का?"

"भरतो. पण तिथं मी माह्या पोरीचं नाव लिहीत नाही. 'डोक्याला मार, त्याहून वाईटही' असं आठ आयांले वाचायले देत नाही."

"होऊ शकत होतं ना पण?"

"हाव, होऊ शकत होतं. म्हणूनच तर सांगून राहिलो." धनंजयचा आवाज चढला आणि आईकडे बघून उतरला. लहानपणापासून त्याचा आवाज असाच होता, चढायचा आणि कोणाकडे तरी बघून उतरायचा.

भय्याजी खाकरले. "श्याम, मी बत्तीस वर्षं रेल्वेत काढली. गाडी टायमावर आली का पॅसेंजर खुश. इंजिनात काय काय कुरकुर झाली ते त्याले कोणी सांगत नाही. सांगितलं तर तो उद्या बसनं जाईल."

"सांगितलं नाही तर काय होते ते मले माहीत आहे, भय्याजी."

नत्थूची गोष्ट या घरात सगळ्यांना ठाऊक होती. प्लांटात लागण्याआधी श्यामराव दोन वर्षं एका खासगी शेडमध्ये होते. ते शेड आता नाही. तिथं एका सोमवारी साखळी घसरली, कोणाला लागलं नाही, आणि बावीस वर्षांच्या श्यामरावांनी ते कोणाला सांगितलं नाही. गुरुवारी तीच साखळी पुन्हा घसरली, तेव्हा खाली नत्थूचा हात होता. नत्थू अजूनही दसऱ्याला सोनं द्यायला येतो, डाव्या हातानं देतो. त्या दिवशी श्यामराव जेवत नाहीत.

"नत्थूचं वेगळं," भय्याजी हळू म्हणाले. "हे लेकराचं आहे. आणि खरं सांगू का, हे पुरुषमाणसाचं कामच नाही. साधनाचा पाय मोडला, बंद ठेवायचं होतं ना दोन महिने. लोक काय म्हणत असतील?"

"लोक नऊ पोरं पाठवून राहिले होते," श्यामराव म्हणाले.

"आता सहा," धनंजय म्हणाला.

"पाच," मृणाल म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती पदराला पुसून पुसून कोरडे झालेले हात अजून पुसत होती. "मी फॉर्म भरलाय. सिविक सेंटरकडच्या प्ले स्कूलचा. कालच. तिथे प्रत्येक खोलीत कॅमेरा आहे. बँकेत बसल्या बसल्या फोनवर दिसतं. आई, तुमच्यावर राग नाही माझा. पण मला शुक्रवारपासून झोप नाही. डोळे मिटले की पायऱ्याच दिसतात."

निशा गेली की सगळं संपलं, हे साधनाबाईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ज्या आजीची स्वतःची सून पोर ठेवत नाही, तिच्याकडे दुसरं कोण ठेवील? महिन्याभरात दार बंद झालं असतं. अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या नर्सबाईंची दोन पोरं सांभाळायला म्हणून सुरू केलेलं हे काम. पोरांना इथं पाटी नाही, पुस्तक नाही म्हणून किती आया पहिल्या महिन्यात नाकं मुरडायच्या. मग तेच पोर घरी वाट्या लहानमोठ्या लावून दाखवायचं, चिंचोके दहा-दहाच्या ढिगात मोजायचं, वाण्याच्या तराजूत हात घालून 'इकडे जास्त झालं' म्हणायचं, तेव्हा त्या गप्प व्हायच्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, आणि साधनाबाईंचं स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच होतं.

"आई, बंद करून टाक आता," धनंजय समजावणीच्या सुरात म्हणाला. "पाय पहा तुझा. वय पहा. तुले काय कमी आहे? आम्ही आहो ना."

"मले कमी पडते म्हणून करून राहिली का मी?"

"तसं नाही म्हटलं मी."

"तसंच म्हटलं. अकरा वर्षं तसंच म्हणून राहिले तुम्ही सगळे, तुह्या बापासकट." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. श्यामराव खिडकीबाहेर बघत होते. "अहो, ते रजिस्टर द्या इकडे."

"चार्ज अजून माह्याकडे आहे."

"मालकीण कोण आहे पाळणाघराची?"

श्यामराव उठले, कपाटावरून रजिस्टर काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. साधनाबाईंनी चष्मा लावला. शुक्रवारचं पान शोधायचं म्हणून त्यांनी मधूनच कुठंतरी उघडलं, आणि पानाच्या मागच्या, फोटोत कधी न येणाऱ्या बाजूवर त्या थांबल्या.

'बुधवार. गुड्डू एका मगातून दुसऱ्या मगात पाणी ओततो. सव्वीस वेळा. प्रत्येक वेळी सांडतं. सत्ताविसाव्या वेळी त्यानं मग थांबून धरला आणि हळू ओतलं. सांडलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. साधना म्हणते, बोलायचं नसतं.'

त्यांनी पान उलटलं. 'निशा आज दुकानात गिऱ्हाईक झाली. दोन वांगी मागितली, मी तीन दिली. तिनं एक परत केलं. तिला कोणी मोजायला शिकवलं?' त्याच्या खाली, वेगळ्या पेनानं, बहुधा दुसऱ्या दिवशी: 'कोणी नाही. खेळता खेळता आलं. साधनाला विचारलं, तिनं नुसतं हसून दाखवलं.'

हे कधी झालं होतं ते साधनाबाईंना आठवेना. नवऱ्यानं जेवताना काहीतरी विचारलं असेल, त्या हसल्या असतील. अकरा वर्षांत हा माणूस त्यांच्या कामाबद्दल एक धड वाक्य बोलला नव्हता, आणि इथं पानंच्या पानं लिहून ठेवली होती, तीही अशा जागी की त्या बघणारच नाहीत.

त्यांनी शुक्रवारचं पान काढलं. ग्रुपवर आलेला मजकूर तोच होता. पण पान तिथं संपत नव्हतं.

"अहो, हे खाली काय आहे? हे तर फोटोत नव्हतं."

"सगळं टाकलं होतं मी."

"नव्हतं, बाबा," धनंजय फोन काढून म्हणाला. फोटो त्यानं मोठा करून पाहिला. "खाली तुमचा अंगठा आलाय."

साधनाबाईंनी मोठ्यानं वाचलं. "'कडी वर बसवून ही गोष्ट संपत नाही. मुलीला चढता येतं, उतरता येत नाही, म्हणून ती रडत होती. तिला चढायचं आहे, ती पुन्हा जागा शोधणार. चढायला आणि उतरायला जागा करून द्यावी लागेल. जबाबदारी: श्यामराव. मुदत: रविवार.'" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आज रविवार आहे."

"झालं आहे ते," श्यामराव म्हणाले. "मागं आहे. रंग आज सकाळीच वाळला."

शनिवारभर मागून करवतीचा आवाज येत होता. साधनाबाईंना वाटलं होतं, माणूस फाटकावर राग काढतो आहे.

"काय आहे मागे?" मृणालनं विचारलं, आणि दुसऱ्याच क्षणी तिला आठवलं की निशा मागेच आहे. ती धावलीच. तिच्यामागे धनंजय, मग भय्याजी धोतर सावरत, आणि सगळ्यात शेवटी वॉकर टेकत साधनाबाई.

अंगणात, पेरूच्या झाडाखाली, लाकडाच्या चार पायऱ्या उभ्या होत्या. वर पाटाएवढा चौथरा, दोन्हीकडे पोराच्या हाताला येईल असा कठडा, खाली जुनी गादी. जिन्याच्या पायऱ्या सात इंची होत्या, या पाच इंची. श्यामरावांनी सगळ्या पोरांचे गुडघे मोजून सरासरी काढली होती, तेही नंतर रजिस्टरात सापडलं. अंजनाबाई शेजारी वेताच्या मोढ्यावर बसून हिरवे चणे सोलत होती. आणि निशा तिसऱ्या पायरीवर होती.

मृणाल झेपावली.

"मृणाल," साधनाबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण पोरांसाठी वापरायचा तोच होता. "हात मागे."

"आई, ती पडेल."

"पडली तर हे आहेत. गादी आहे. तू नुसती पाहा."

श्यामराव केव्हाच पायऱ्यांपाशी जाऊन उभे राहिले होते, हातभर अंतरावर, हात पाठीशी गुंफून. मृणालनं सासऱ्याकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि स्वतःचे हात मागे नेले. उजव्या हातानं तिनं डावं मनगट गच्च धरलं होतं.

निशा चौथ्या पायरीवर गेली, चौथऱ्यावर उभी राहिली आणि वळून खाली पाहिलं. तिचा चेहरा बदलला. ओठ बाहेर आला. शुक्रवारी जिन्यात अशाच चौथ्या पायरीवर रडणं सुरू झालं असणार. "आई," ती म्हणाली.

मृणालनं मनगट आणखी घट्ट आवळलं.

"नोनी, उलटा होके उतर," अंजनाबाई चणे सोलता सोलता म्हणाली. "जइसे खाट ले उतरथस."

निशानं तिच्याकडे पाहिलं. मग ती वळली, खाटेवरून उतरते तसं चौथऱ्यावर पोट टेकलं आणि एक पाय खाली सोडला. पाय हवेत फिरला, काहीच लागलं नाही. श्यामरावांचे खांदे पुढं आले, पण हात मागेच राहिले. पाय पुन्हा फिरला, अंगठा पायरीला लागला, मग चवडा, मग टाच.

"एक," भय्याजी म्हणाले. ते कधी मोजायला लागले, त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. "दोन. तीन."

चौथीवरून ती गादीवर बसली, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "फिर से."

ती पुन्हा चढली आणि पुन्हा उतरली. पाचव्या खेपेला तिनं पोट टेकणं सोडून दिलं आणि कठडा धरून उतरली. तोवर धनंजय झाडाला टेकून बसला होता आणि मृणालचं मनगट सुटलं होतं.

"त्या प्ले स्कूलमधे कॅमेऱ्यात तुले दिसलं असतं," साधनाबाई सुनेला म्हणाल्या, "की तुझी पोर जिन्यावर आहे. पण तिले उतरता येत नाही, हे दिसलं नसतं. त्याले पाहावं लागते. यांनी पाहिलं." त्यांना वॉकरवर फार वेळ उभं राहवत नव्हतं, पण हे बसून बोलायचं नव्हतं. "आता माझं ऐका सगळे. यांनी आधी मले सांगायला पाहिजे होतं. ते यांचं चुकलं, आणि त्याचं मी यांना नंतर बघते. पण लिहिलं ते चुकलं नाही. अकरा वर्षांत माझ्याकडे असं पंधरा-वीस वेळा झालं. एका पोरानं चिंचोका नाकात घातला होता. एकदा पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं होतं. मी एकही लिहिलं नाही. पोराच्या हातात लाडू दिला आणि आईले हसून सांगितलं, मजेत होता दिवसभर. शुक्रवारी मी असते तर हेही लिहिलं नसतं. तुले कधी कळलं नसतं, मृणाल."

मृणालनं पायऱ्यांकडे पाहिलं.

"पाळणाघर बंद होणार नाही. उद्या साडेसातले दार उघडेल, एकच पोर आलं तरी. हे रजिस्टर रोज ग्रुपवर जाईल, पूर्ण पान, अंगठा न घालता. ज्याले वाचून भीती वाटते त्यानं खुशाल नेऊन टाकावं पोराले दुसरीकडे. निशाचं मात्र तू ठरव. तुझी पोर आहे. मी तुले राहा म्हणणार नाही आणि जा पण म्हणणार नाही."

"आई, ऐक ना," धनंजय म्हणाला.

"झालं माझं बोलून. मले आत न्या, पाय ठणकून राहिला."

चहा घेऊन भय्याजी निघाले. फाटकापाशी त्यांनी धनंजयच्या खांद्यावर हात ठेवला. "तू मले चार शब्द सुनवायले बोलावलं होतं. कोणाले सुनवू ते तरी सांगून ठेव पुढच्या वेळी," म्हणाले, आणि दुर्गच्या बससाठी चालू लागले.

मृणाल निशाला घेऊन स्कूटरवर बसली. "उद्या पाहू, आई," एवढंच म्हणाली.

सोमवारी धुकं होतं. साधनाबाई साडेसहापासून दिवाणावर बसून होत्या. रविवारी संध्याकाळी त्यांनी स्वतः पूर्ण पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता, पायऱ्यांच्या फोटोसकट. कोणाचं उत्तर आलं नव्हतं. श्यामरावांनी साडेसातला दार उघडलं, वाळूवरचं ताडपत्रीचं झाकण काढलं, पाण्याचं घंगाळ भरलं आणि दारात उभे राहिले. त्यांचा स्वेटर उलटा होता. साधनाबाईंनी ते सांगितलं नाही.

सात चाळीसला गुलाब आली, गुड्डूची आई, नर्सच्या कपड्यात, घाईत. "आई, मैंने पूरा पढ़ा," ती दारातूनच म्हणाली. "उस टाइम बाबूजी मेरे ही लड़के की चड्डी बदल रहे थे. मैं इसको कहाँ ले जाऊँ?" गुड्डू तोवर घंगाळापाशी पोचला होता. मग आणखी तिघं आली. निखिल आला नाही, फोन केलेल्या दोघीही आल्या नाहीत आणि आणखी एक पोर न कळवताच गळालं. सव्वाआठ झाले. चारच पोरं. श्यामराव रजिस्टरात वेळ लिहीत होते आणि रस्त्याकडे बघत होते.

स्कूटरचा आवाज साधनाबाईंनी आधी ओळखला. मृणाल आत आली. निशा तिच्या हातातून सुटून सरळ मागच्या अंगणात पळाली. मृणालनं दप्तर खाली ठेवलं नाही, खांद्यावरच राहू दिलं.

"बाबा, रजिस्टर द्या जरा. आणि पेन."

ती दिवाणाच्या कडेला बसली आणि लिहायला लागली. साधनाबाईंना बसल्या जागेवरून दिसत होतं.

'निअर मिस. दिवाळीच्या आदल्या शनिवारी, संध्याकाळी सहा. आमचं घर, सेक्टर सात, वरचा मजला. निशा गॅलरीत स्टूलवर चढली होती. कठडा तिच्या पोटाशी. कारण: मी फोनवर होते. लक्ष नसल्याचा वेळ: माहीत नाही. धनंजयला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही.'

मग तिनं लिहिलं, 'काय होऊ शकलं असतं', आणि पेन थांबलं. पेनाचं टोक कागदावर टेकलेलं, आणि तिचे डोळे भरून आलेले. वरचा मजला, म्हणजे पंधरा-सोळा फूट. श्यामरावांचा हात पुढं आला. ते पेन काढून घेणार होते, राहू दे पोरी म्हणणार होते.

"अहो," साधनाबाई हलकेच म्हणाल्या. "हात मागे."

श्यामरावांनी हात मागे घेतले. साधनाबाईंनीही आपले हात पाठीशी नेले, कारण तेही सुनेकडे निघाले होते.

मृणालनं लिहिलं. श्यामरावांनी 'त्याहून वाईटही' म्हणून टाळलेला तो एकच शब्द लिहिला, आणि तो पूर्ण लिहिला. मग नाक पुसून तिनं पुढं लिहिलं, 'दुरुस्ती: स्टूल आत ठेवलं. गॅलरीला जाळी लावणं बाकी. जबाबदारी: श्यामराव. मुदत: रविवार.' खाली सही केली आणि रजिस्टर सासऱ्यांकडे दिलं.

श्यामरावांनी दोनदा वाचलं. "गॅलरी किती फुटी आहे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच येऊन मोजा," मृणाल म्हणाली. उठून तिनं निशाचं दप्तर भिंतीवरच्या तिच्या नेहमीच्या, चौथ्या खुंटीला अडकवलं आणि बँकेला निघून गेली. श्यामरावांनी हजेरीत पाचवं नाव लिहिलं, वेळ घातली आणि टेप शोधायला कपाट उघडलं.